मऊ हाडाची पोर

“अक्के, ती कणीक राहू दे. आधी इकडं ये!”

भास्करची हाक आली तशी मी हात न धुताच बाहेर सोप्यात गेले. सतरंजीवर सावी होती. समोर खुर्चीत भास्करच्या बायकोचे, शैलाचे, सांगलीचे मामा चहाची बशी ओठांपर्यंत नेऊन तिथंच थांबले होते. कारण सावीनं दोन्ही पाय दोन दिशांना फाकवून सरळ रेष केली होती, आणि मधल्या जागेत पोट, छाती, गाल सगळं जमिनीला टेकवून ती पालथी पडली होती. एखादी बाई जेवण झाल्यावर उशीला गाल लावून पडते तितकी निवांत. तोंडात अंगठा, डोळे मामांच्या बशीवर.

“दुखत नाही होय तिला?” मामा म्हणाले.

“दुखायचं काय त्यात!” भास्कर म्हणाला. “माझ्या तालमीत मोठी मोठी पोरं हे बसायला वर्षभर रडत्यात. हिला कुणी शिकवलं न्हाय मामा. उपजत हाय. वस्तादाची लेक हाय.”

मामांनी बशी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कणकेचे दोन तुकडे सतरंजीवर उडाले. सावीनं तोंडातला अंगठा काढला, स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या आणि मामांची बशी ओढून घेतली.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. जिची ही गोष्ट आहे ती सावी आत्ता स्वयंपाकघरातून माझ्या नावानं ओरडते आहे, कारण तिच्या कपात मी माझा चहा ओतून घेतलाय. तेव्हा तिचा राग वाढायच्या आत सांगून टाकते.

भास्कर माझा धाकटा भाऊ. कऱ्हाडात नदीच्या अंगाला एक जुनी तालीम आहे, तिथं तो पोरांना मल्लखांब शिकवायचा. सगळं गाव त्याला वस्ताद म्हणायचं आणि मी भाश्या. त्याची बायको शैला एसटीत कंडक्टर. माझं लग्न व्हायचं राहून गेलं. का राहिलं ते आता मलाही नीट आठवत नाही. मी घरात मशीन टाकून कपडे शिवायची. ते कुणी शिकवलेलं नव्हतं, मासिकातले कागदी नमुने कापून आणि चांगल्या कापडाची वाट लावून लावून आलेलं. शैला ड्युटीवर, भास्कर तालमीत, त्यामुळे सावी माझ्या वाट्याला आली, आणि मला ते फार बरं वाटलं.

सावी जन्मली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, डाउन सिंड्रोम आहे. पोर सगळं शिकेल, पण उशिरा आणि कष्टानं. शैलानं दवाखान्यातच पोटभर रडून घेतलं आणि घरी आल्यावर कामाला लागली. भास्कर रडला नाही. तो गप्प झाला. तालमीत जायचा, यायचा, जेवायचा. बारशाला पोरीला मांडीवर घेतलं तेही कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखं.

मग एका सकाळी मी सावीला तेल लावत बसले होते. तिचा पाय धरून वर नेला तर तो काही तक्रार न करता थेट कानाला लागला. भास्कर खिडकीशी दाढी करत होता. साबण लावलेल्या तोंडानं तो वळला.

“परत कर.”

मी परत केलं.

“दुसरा?”

दुसराही लागला. त्यानं वस्तरा खाली ठेवला, सावीला माझ्या हातातून घेतलं आणि गालाशी धरलं. पोरीच्या टाळूला साबणाचा फेस लागला. त्या दिवशी माझा भाऊ पुन्हा बोलायला लागला. त्या दिवसापासून सकाळची मालिशही त्याची. आज पाय कुठवर गेला, उद्या कुठवर जाईल, आल्यागेल्याला तेच सांगायचा. आम्ही ऐकायचो. घरात आवाज परत आला होता, मग तो काय बोलतोय याची चिकित्सा कोण करतंय?

एकच होतं, पोर उभी राहत नव्हती. तिसरं वर्ष सरत आलं तरी ढुंगणावर सरकत घरभर फिरायची. उभं केलं की पाय फाकायचे, गुडघे उलट मागं जायचे आणि ओलं फडकं दोरीवरून घसरावं तशी ती खाली यायची.

“राहील,” भास्कर म्हणायचा. “मऊ हाडाची हाय. वेळ लागतो.”

शैलाला हे पटेना. डेपोतल्या कुणीतरी तिला सांगितलं, नगरपालिकेच्या शाळेत दर शनिवारी एक मॅडम अशा मुलांचा वर्ग घेतात, हालचालीचा. शनिवारी शैलाची ड्युटी, म्हणून मी गेले.

मॅडमचं नाव नूतन शिरगुप्पे. वय पंचविशीचं, आवाज हेडमास्तरचा. खोलीत चटया, एक बुटका बाक, लाकडी ठोकळे आणि टोपलीभर कांदे. कांदे बघून मला वाटलं स्वयंपाकाचाही वर्ग असेल. पण ते मुलांसाठी होते. बाकाला धरून उकिडवं बसायचं, खालचा कांदा उचलायचा, उठून उभं राहायचं आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डबा वाजला की सगळ्यांनी ओरडायचं.

“कांदेच का हो?” मी विचारलं.

“मुठीत बसतात, गिळता येत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “आणि एकदा चावला की दुसऱ्यांदा कुणी चावत नाही.”

मला बाई आवडली. म्हणून मी म्हटलं, “थांबा, आमच्या सावीची एक गंमत दाखवते,” आणि सावीला चटईवर ठेवून टाळी वाजवली. सावीनं लगेच पाय फाकवून, गाल टेकवून आपली सरळ रेष करून दाखवली.

खोलीत कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडम येऊन सावीजवळ बसल्या, तिचे गुडघे हळूच एकमेकांजवळ आणले आणि तिला कुशीवर वळवून बसवलं.

“अक्का, हे करू देऊ नका तिला.”

“का? दुखत नाही तिला.”

“दुखत नाही हेच तर. तिचे स्नायू सैल आहेत, सांधे बांधून ठेवणारे बंधही सैल. पाय लांब जातो, कारण त्याला धरून ठेवणारं आत काही नाही. उभं राहता येत नाही तेही त्याचमुळं. जितका ताणाल तितकी ती उशिरा उभी राहील. मालिश कोण करतं?”

“तिचे वडील.”

“लावा तेल. पण ताणायचं बंद. आणि मान. अशा काही मुलांचे मानेचे मणकेही सैल असतात. मी चिठ्ठी देते, एक्स-रे काढून मोठ्या डॉक्टरांना दाखवा. ते बघेपर्यंत कोलांटी नाही, उलटं धरणं नाही, मानेवर कसलाही जोर नाही. काही झालं तर हातपाय कायमचे जातील.”

मी मान डोलावली. त्या बोलत होत्या आणि मला साबण लावलेलं भास्करचं तोंड दिसत होतं.

मॅडमनी मला एक कामही दिलं. सावीच्या चड्डीचे दोन्ही पाय आतल्या बाजूनं, मांडीपासून गुडघ्यापर्यंत, एकमेकांना शिवून टाकायचे. पाय फाकता आले नाहीत की पोर सरकायचं सोडून गुडघ्यांवर रांगायला लागते. मी तशा चड्ड्या शिवल्या. शेजारणीनं दोरीवर बघितल्या आणि फार हळुवारपणे म्हणाली, “होतं कधीकधी. उसवून देऊ का?” भास्कर म्हणाला, “ही चड्डी हाय का पिशवी?” मी म्हटलं, “पुण्यात फॅशन आहे.” त्याला खरं काय ते सांगायचं काम मी आणि शैला एकमेकींवर ढकलत होतो.

“तुम्ही सांगा वन्सं. तुमचं ऐकतात ते.”

“माझं? त्यानं माझं शेवटचं ऐकलं तेव्हा तो अंथरूण ओलं करत होता.”

एक्स-रेची तारीख पुढची मिळाली. तेवढ्यात हनुमान जयंती जवळ आली.

“यंदा सावीचं नाव घातलंय,” भास्करनं भाकरी मोडत सांगितलं. हनुमान जयंतीच्या संध्याकाळी तालमीची प्रात्यक्षिकं असतात, अर्धं गाव लोटतं. “शेवटी पोरांचा मनोरा असतो, त्याच्या आधी. पहिली पाय फाकवून बैठक. मग मी कमरेत धरणार आणि खांद्यावरनं कोलांटी. एकच.”

शैलाच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं. मग मी सांगून टाकलं सगळं. पायाचं, मालिशचं, मानेचं. तो तोंडातला घास न चावता ऐकत होता.

“मी धरलेलं पोर आजपर्यंत कधी पडलंय का अक्के?”

“पडायचा प्रश्न नाही रे. आतल्या आत मणका सरकला तर तू काय धरणार?”

“आणि पाय? तो पण रोगच?”

“रोग नाही. सैल आहेत ते.”

त्यानं ताट सरकवलं. “लोक येत्यात. आधी पोरीकडं बघत्यात, मग माझ्याकडं. ती नजर तुला म्हाईत न्हाय. एक गोष्ट हाय तिच्यापाशी, जी बघून कुणी चुकचुकत न्हाय. ती पण काढून घ्या. मग ऱ्हातं काय?”

“सावी राहते की,” शैला म्हणाली.

तो उठून गेला. अंगणातल्या नळावर हात धुतल्याचा आवाज आला, आणि मग फाटकाचा.

शनिवारी तो माझ्याबरोबर वर्गाला आला. “बघतो तरी कोण ही मॅडम,” म्हणाला आणि मुलांच्या बुटक्या बाकावर जाऊन बसला. गुडघे हनुवटीला लागले. मॅडमनी सावीला कांद्यांपाशी नेलं. सावी उकिडवी बसली, कांदा घेतला, मॅडमची दोन बोटं तिच्या कमरेशी. उठताना पाय लटपटले, ओठ बाहेर आला, कपाळाला घाम. डबा वाजला. सगळ्या आया ओरडल्या. सावी धपकन खाली बसली आणि दुसऱ्या कांद्याकडं बघायला लागली.

“मॅडम, एक विचारू?” भास्कर म्हणाला. “हिचा पाय कानाला लागतो. माझ्या एकाही पोराचा लागत न्हाय. आणि तुम्ही हिला कांदे उचलायला लावताय.”

“मीही एक विचारते वस्ताद. तुमच्याकडे नवा मुलगा आला. अंग रबरासारखं, पण हातापायात जोर नाही. त्याला पहिल्या दिवशी खांबावर काय शिकवता?”

“चढवतच न्हाय.”

“का?”

“लय धोक्याची असत्यात असली पोरं. वाकत्यात, वळत्यात, लोक टाळ्या वाजवत्यात, आणि वर गेल्यावर सुटत्यात. आधी पकड. पकड आल्याबिगर मी त्याला खांबाला…”

भास्कर थांबला.

मॅडमनी फक्त पुढचा कांदा सावीसमोर ठेवला. मी त्यांच्या जागी असते तर नक्की बोलले असते, म्हणून तर मी मॅडम झाले नाही. तेवढ्यात सावीनं कांदा चावला आणि भोकाड पसरलं. भास्करनं उठून खांद्यावरच्या पंच्यानं तिचं तोंड पुसलं. “थू कर. थू,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मालिशीच्या वेळी मी दारातून बघत होते. त्यानं तेल लावलं, पाय हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि खाली ठेवून दिला.

मग तो सावीला रोज उजाडताच तालमीत घेऊन जायला लागला. परत यायचे तेव्हा दोघांच्याही गुडघ्यांना तांबडी माती. काय करता म्हणून विचारलं तर “तिचं नि माझं हाय ते.” सावीला विचारलं तर ती म्हणायची “बाबा,” आणि हसायची. शैलानं धीर करून विचारलं, “नाव कमी केलं ना तिचं?”

“कशाला? नाव हाय. मनोऱ्याच्या आधी हाय.”

त्या रात्री शैला ड्युटीचा शर्ट इस्त्री करता करता म्हणाली, “वन्सं, खरंच कोलांटी घालायला लागले तर?”

“तर मी मध्ये जाऊन आडवी पडेन. मला ओलांडायचं म्हणजे वेळ लागतो माणसाला.”

ती हसली. मीही हसले. पण मी मनात जागासुद्धा ठरवून ठेवली होती.

हनुमान जयंतीला तालमीसमोरच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. नारळाचा, एरंडेलाचा आणि घामाचा वास. अंग सहज घसरावं म्हणून एरंडेल चोळून चोळून खांब काळे कुळकुळीत झालेले. पोरं वर जात होती, फिरत होती, एका पायाच्या अंगठ्यावर तोलत होती, आणि वर कुणी तोल धरला की खालची पोरं तालमीच्या रिवाजानं मोठ्यानं मोजत होती. सावी माझ्या मांडीवर, अंगात नवा लाल फ्रॉक आणि खाली पिशवीवाली चड्डी. शैला थेट गाडीवरून आली होती, खाकी कपड्यांतच माझ्यामागं उभी.

तालमीचे अध्यक्ष पिसाळ अण्णा कर्ण्यावरून पुकारत होते. “आता आपल्या वस्तादांची कन्या, कुमारी सावित्री! वय लहान, कसरत मोठी! पुढच्यांनी खाली बसा.”

भास्कर आला आणि त्यानं माझ्या मांडीवरून सावीला उचललं. मी त्याचं मनगट धरलं.

“भाश्या.”

“सोड अक्के.”

“तिची मान, भास्कर.”

“सोड म्हणतोय न्हवं.”

आवाजात राग नव्हता. तेवढ्यावर मी सोडलं. पण मांडी सोडून उकिडवी झाले, आणि खांद्यावर शैलाची बोटं रुतली.

कडेला लहान पोरांचा बुटका खांब होता, तो तिला तिथं घेऊन गेला. खांद्यावरचा पंचा काढला आणि खांबाचा खालचा भाग पुसायला लागला. तेल पुसायला लागला. तालमीतली पोरं हादरली.

“वस्ताद, तेल कशाला काढताय?”

त्याचा हात थांबला नाही. चांगला कोरडा होईपर्यंत पुसलं. मग सावीला उभं केलं, पावलं जवळजवळ, दोन्ही हात खांबाला. स्वतः तिच्यामागं गुडघ्यांवर बसला. त्याचे पंजे तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना उघडे, पण तिला न लावता. वर चढलेल्या प्रत्येक पोराखाली त्याचे हात अस्सेच असायचे.

“पकड,” तो म्हणाला.

सावीनं पकडलं. आणि ती उभी राहिली.

एवढंच. गुडघे मागं जायला लागले तेव्हा त्यानं हळूच “गुडघा” म्हटलं, आणि तिनं ते जरासे वाकवले. उजवं पाऊल मातीवरून बाहेर सरकलं. तिनं मान खाली घालून पावलाकडं बघितलं, कपाळाला आठी घातली आणि आपलं आपण ते परत जवळ आणलं. भास्करचे हात होते तिथंच होते.

माझ्यामागं कुणीतरी विचारलं, “काय करणार हाय पोरगी?”

“काय की. सुरू व्हायचंय अजून.”

शैलाची बोटं खांद्यावरून निघाली. मी वळून बघितलं नाही. मला त्या दोन पावलांवरून नजर काढवत नव्हती.

लोक चुळबुळायला लागले. कुणी खोकलं. मग तालमीतल्या एका पोरानं ओळखलं. तोल धरलाय, म्हणजे मोजायचं. तो ओरडला, “एक!” दुसऱ्यानं साथ दिली, मग सगळ्यांनी. आकडे चढायला लागले तसा सावीचा चेहरा उजळला. तीही मोजायला लागली. तिला एकच आकडा येत होता. “एक!” ती ओरडायची, सगळ्यांच्या मागून, प्रत्येक वेळी. “एक! एक!” लोक हसले. मग हसता हसता लोकही मोजायला लागले.

तिच्या मांड्या थरथरताना मला बसल्या जागेवरून दिसत होत्या. भास्करनं हात पुढं केले.

“बास. झालं बाळा. ये.”

“नाई,” सावी म्हणाली आणि तिनं खांबाला मिठी मारली.

मनोऱ्याची पोरं अंगाला माती चोळून रांगेत तयार होती. पिसाळ अण्णांनी कर्णा उचलला. “वस्ताद, लोकांना घरी जायचंय! पोरीची कसरत कधी सुरू करताय?”

भास्करनं वळून बघितलं. तोंड ओलं झालं होतं, ते पुसायलाही त्यानं हात तिच्यापासून हलवले नाहीत.

“सुरू हाय की अण्णा!” तो ओरडला. “मनोऱ्याला सांगा, बसून घ्या म्हणावं. हिला अजून उभं राहायचंय.”

आणि मनोऱ्याची पोरं, सगळीच्या सगळी, खरंच खाली मातीत बसली.